बल्लारपूरसमोर अडकलेला मामा

लटारूला डोंगा, म्हणजे आपली छोटी होडी, चालवायला कोणी शिकवलं नव्हतं. ढिवराच्या, नदीवर मासे धरणाऱ्याच्या पोराला ते शिकवावं लागत नाही. पण दोन वर्षं रत्नागिरीच्या मासेमारी बोटीवर राहून आला आणि गड्याला बांबूची लाज वाटू लागली. बांबूनं डोंगा रेटणं म्हणे अडाण्याचं काम, दर्यावर शीड लावतात. बहिणीच्या पोरीचं, पुनमचं लग्न ठरलं, तसं यानं साऱ्या सोयऱ्यांपुढं सांगून टाकलं, मामा वर्धा नदीतून शीड लावून येईल, बल्लारपूरसमोरून, ऐटीत. आता आपल्याकडं मामा नवरीच्या मागं उभा राहिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, अन् पुनमला मामा हा एकच. बस होती, चांगली दर घंट्याला. पण सांगतो कोणाला.

सकाळी त्यानं धान झाकायची निळी ताडपत्री दोन बांबूंना ताणून बांधली, बायकोला, रुखमाला, आहेराच्या पिशवीसकट पुढं बसवलं आणि निघाला. वारा पाठीशी होता तोवर खरंच झकास चाललं. बल्लारपूरच्या पेपर मिलची चिमणी दिसली, नदीनं वळण घेतलं आणि वारा समोरून आला. नदीची धार डोंग्याला पुढं ओढी, वाऱ्यानं फुगलेली ताडपत्री मागं ढकली. डोंगा जागच्या जागी उभा.

"आवो, हे चिमणी अर्ध्या घंट्यापासून इथीच हाये," रुखमा म्हणाली.

"शहर मोठं हाये. सरायले वेळ लागते."

पुलावरून रेल्वे गेली, लोकांनी खिडक्यांतून मोबाइल काढले. घाटावरच्या बायांनी धुणं धुतलं, वाळवलं, घड्या घालून घरी नेलं. नवरीच्या बापाचा फोन आला, कुठी हाये? बल्लारपूर. तासाभरानं पुन्हा आला. बल्लारपूर.

"ते ताडपत्री सोडा ना खाली. बांबू काऊन नाई घेत?" रुखमा म्हणाली.

बांबू रेटत गेलो तर सोयरे जन्मभर हसतील, ही धास्ती लटारूला खात होती.

मग पुनमचाच फोन आला. "मामाजी, मुहूर्त गेला. तुमी आल्याबिगर मी पाटावरून उठत नाई."

लटारूनं विळ्यानं दोऱ्या कापल्या, ताडपत्री वाहून गेली तरी वळून पाहिलं नाही. शिडाचाच एक बांबू उपटला आणि जीव खाऊन रेटत सुटला. बल्लारपूर दहा मिनिटांत मागं पडलं.

"रत्नागिरीत असा वारा आला तं काय करत होते तुमी?" रुखमानं विचारलं.

"बोटीले इंजिन होतं," लटारू म्हणाला. "मी भात रांधो."

रुखमा इतकी हसली की डोंग्यात पाणी आलं.

मांडवात पोचले तर नवरदेवाकडचे अजून रस्त्यावर डीजेपुढं नाचत होते. मुहूर्त त्यांनीच बुडवला होता. लटारूच्या तळहातांना फोड, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. सोयरे शीड कुठं आहे म्हणून विचारू लागले, तेवढ्यात पुनम हळदीच्या अंगानं धावत आली आणि त्याचे हात धरून म्हणाली, "मी आईले सांगून ठेवलं होतं. मामाजी कसेई येवोत, माह्या मागं तेच उभे राह्यतीन."

लटारू भर मांडवात ढसाढसा रडला, आणि रडत रडतच आपण बोटीवर नुसता भात रांधत होतो हे एकेकाला सांगत सुटला, कोणी विचारलं नव्हतं तरी.