शुक्रवारचा हंडा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे पाहून हसू नका. मी सोनगीरचा जुना पितळी हंडा आहे, आणि आमच्याकडच्या तांबटांनी घडवलेलं भांडं पोचा पडला तरी गळत नाही. पितांबरनाना तांबटांनी मला ठोकून ठोकून आकार दिला. त्या ठोक्यांची आठवण झाली की अजून माझे कान दुखतात!

पुढे मी अमळनेर तालुक्यातल्या एका मिशनच्या शाळेत आलो. वीस-बावीस वर्षं मुलांना पाणी पाजलं. हंड्याचं पाणी गार असतं असं सगळे म्हणायचे आणि मीही फुगून जायचो, खोटं कशाला बोलू? मग शाळेत फिल्टर आला आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली. तिथे पालींशिवाय मला कुणी विचारत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

तिथून मला बाहेर काढलं ते सिस्टर रेजिना यांनी. त्या वसईच्या, गावात नव्याच आलेल्या. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत सिस्टरांनी मला चिंच लावून घासायला लावलं आणि व्हरांड्यात मांडलं. प्रत्येकाने घरून मूठभर ज्वारी आणायची, आज आपल्याला काय मिळालं ते सांगून देवाचे आभार मानायचे आणि मग मूठ माझ्यात सोडायची, असा नेम ठरला. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, घरी कानबाई पुजणारी. आभार आपापल्या देवाचे माना, असं सिस्टरांनी सांगून टाकलं. किरणने पहिल्याच दिवशी गणिताचे सर आले नाहीत म्हणून आभार मानले!

एकदा सिस्टर मुलांना म्हणाल्या, "आपल्याला आधी मिळालंय, म्हणून आपण देतो. उपकार करतोय असं वाटलं, तर मूठ परत घरी न्या."

हे धान्य द्यायचं होतं भागाबाईंना. त्या शाळेमागे एकट्या राहायच्या. गुडघे गेल्यापासून कापूस वेचायला जाणं बंद झालं होतं आणि त्यांची चूल दिवसाआड पेटत होती. पण बाई मानी. आदल्या वर्षी शाळेने बॅनर धरून, फोटो काढून त्यांना धान्याची पिशवी दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी जशीच्या तशी शाळेच्या फाटकाला टांगलेली दिसली. त्या पुन्हा नाही म्हणाल्या तर उपाशीच राहतील, या काळजीने सिस्टरांना चैन पडत नव्हतं.

त्यात धान्य द्यायच्या शुक्रवारीच घोटाळा झाला. आठवीतल्या हेमांगीच्या घरची ज्वारी संपली होती, म्हणून तिच्या आईने उडीद दिले. तिच्या गल्लीतल्या पोरांनीही तेच आणले. सिस्टरांनी झाकण उघडलं तर पांढऱ्या ज्वारीत काळे उडीद! सिस्टर भात खाणाऱ्या मुलखातल्या. असं सरमिसळ धान्य कुणाला कसं द्यायचं, म्हणून त्यांचा चेहरा उतरला. मला तर मोडक्या बाकांची खोलीच दिसायला लागली.

हेमांगी मात्र भागाबाईंची शेजारीण, आणि पोरगी मोठी बेरकी. ती म्हणाली, आता याचं काय करायचं ते आपण भागाअक्कालाच विचारू. मग दोघींनी मला उचलून भागाबाईंच्या दारात नेलं. सिस्टरांनी खाली मान घालून, धान्य बिघडलं, आता काय करू, असं विचारलं.

भागाबाईंनी माझ्यात हात घातला आणि त्या किती दिवसांनी हसल्या!

"सिस्टर, हाई बिघडेल नही. हाऊ ते कळना शे," त्या म्हणाल्या. "जाडं मीठ टाकी दळी आना. मी भाकरी करसू. बठ्ठा जन मना घर खावाले या." सगळ्यांना घरी जेवायचं आवतणच दिलं त्यांनी!

आमच्या खान्देशात ज्वारी आणि उडीद एकत्रच दळतात, त्याला कळणा म्हणतात. गावातल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. सिस्टरांना माहीत नव्हतं, हे किती बरं झालं!

संध्याकाळी भागाबाईंनी गुडघा धरत चूल पेटवली. गरम भाकरी, ठेचा आणि कांदा. वाढताना पोरांवर काय रुबाब चालला होता त्यांचा! घास घेण्याआधी मुलं एकेक करून आभार मानू लागली. हे काय चाललंय, असं भागाबाईंनी विचारलं आणि हेमांगीने नेम समजावून सांगितला. मग सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

भागाबाईंनी पदर सावरला. तवा उतरवून ठेवला.

"आज मना घर पाव्हना उनात," त्या म्हणाल्या. घरी पाहुणे आले, याचेच ते आभार होते.

सिस्टरांनी डोळे पुसले आणि जमिनीवर मांडी घालून आणखी अर्धी भाकरी मागितली. मग भागाबाईही ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या आणि पोटभर जेवल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्यांच्या घरी जातो.

मित्रांनो, मला महिन्यातून एकदा घासलंत तरी माझी तक्रार नाही. पण कुणाच्या दारी काही द्यायला जाल, तेव्हा नुसतं देऊन परत फिरू नका. त्यांच्या चुलीजवळ बसा आणि त्यांच्या हातचं दोन घास खाऊन या.