तांबडीची ओळख

कासाबाईनं मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्या कोकराच्या पाठीवर चढवलं आणि पोटाखालून सुंभानं बांधून टाकलं. दुसरं पोरकं होतं, त्याची आई परवाच गेली होती. पाठीवरचं ओझं सावरत ते मेलेल्या कोकराच्या आईकडं, मेंढीकडं गेलं. मेंढीनं त्याला पुढून हुंगलं, मागून हुंगलं, विचारात पडल्यासारखी जराशी थांबली आणि मग आचळाला लागू दिलं.

"घेतलं की गं माय तिनं!" मनकर्णा म्हणाली. सात वर्षांची ती पोर मेंढरांच्या वाडग्याला घातलेल्या बोराटीच्या कुंपणाशी उकिडवी बसून बघत होती.

"दोन दिसानं कातडं काढलं तरी चालतंय. तवर ह्या कोकराचाच वास तिच्या मनात बसतोय."

पौषातली सकाळ होती. धुई अजून रानावर पडून होती, जवारीची कणसं तेवढी वर तरंगत होती आणि लांबून कुठल्यातरी बैलाची घाटी वाजत होती. अशा वेळी कासाबाईला आपण जाग्या आहोत की झोपेत, हे पटकन कळायचं नाही. मेंढरांमागं उभ्या उभ्या डुलकी काढायची तिची जन्माची सवय, त्यामुळं तिची निम्मी हयात स्वप्नातच गेली होती म्हणा ना.

मनकर्णाही तिला स्वप्नासारखीच मिळाली होती. पटकीच्या साली चारठाण्याकडून कामाला आलेलं एक जोडपं एकाच दिवशी गेलं आणि तीन महिन्यांची पोर मागं राहिली. गाव लांब उभं राहून हळहळलं. कासाबाईला ना नवरा उरलेला ना लेकरू झालेलं, तिनं पोर उचलली. त्याच आठवड्यात तिच्या तांबडी नावाच्या शेळीचं करडू मेलं होतं. करडू निजायचं त्या घोंगडीच्या तुकड्यात कासाबाईनं पोर गुंडाळली आणि शेळीखाली धरली. तांबडीनं हुंगलं आणि पाय फाकवून उभी राहिली. ती पोर आपली, हे तेव्हापासून तांबडीनं जे धरलं ते धरलं. आता म्हातारी झाली तरी मनकर्णाशिवाय दुसऱ्या कुणाला ती दूध काढू देत नसे. खुद्द कासाबाईनं हात लावला तरी लाथ ठरलेली.

पुढं गावात पंचायत आली. पोरक्या लेकराला सांभाळणाऱ्या घराला दरमहा जवारी, वर्षाला दोन जोड कपडे, आणि पंचांनी घरी जाऊन लेकराची विचारपूस करायची, असा ठराव झाला. चार महिने जवारी आली, एकदा कपडेही आले. मग सगळे विसरले. कासाबाईनं कधी मागितलं नाही. जास्त बोललं तर पोरच काढून घेतील, ही भीती तिला आत कुरतडत असे. जवारीचं तिला एवढं वाटत नव्हतं. पोर कशी आहे, हे विचारायला कुत्रंसुद्धा दारात आलं नाही, हे मात्र तिला लागलं होतं.

ऊन वर आलं तसा पंचायतीचा शिपाई आश्रुबा गाठोडं घेऊन आला.

"मालकानं धाडलंय. दुपारी परभणीचे सायेब तपासायला येयलेत. पोरीला हे घालून चावडीवर आण."

मालक म्हणजे सरपंच दिनकरराव. गाठोड्यात नवा परकर-पोलका होता, खळ तशीच, घड्या मोडलेल्या नाहीत.

"अन् सायबानं इचारलं तर सगळं मिळतंय म्हण," आश्रुबा मान खाली घालून म्हणाला. "न्हाई म्हणलीस तर पोर औरंगाबादच्या आश्रमात धाडतेत. मालकच म्हणाले. मी आपला निरोप्या."

कासाबाईनं पोरीला आपल्याकडं ओढलं. मनकर्णा मात्र परकर घालून स्वतःभोवती फिरू लागली आणि खळीच्या कापडाचा करकर आवाज होऊ लागला.

बोराटीला टेकून कासाबाईचा जरा डोळा लागला. पिंगळीच्या ठेसनात गाडी उभी होती, पण आवाज कशाचाच नव्हता. खिडकीत नवा परकर घालून मनकर्णा बसली होती. तांबडी गाडीच्या एकेका डब्याला हुंगत पळत होती आणि पोर ज्या डब्यात होती तोही हुंगून तशीच पुढं गेली. गाडी हलली. कासाबाईला हाक मारायची होती, पण तोंडात नुसती लोकर भरली होती.

दचकून उठली तर सूर्य डोक्यावर होता. तिनं घोंगडीचा तो जुना तुकडा खांद्यावर टाकला आणि पोरीला घेऊन निघाली. तांबडीही निघाली. पण आज ती पोरीच्या मागं नव्हती, कासाबाईच्या खांद्यावरच्या घोंगडीमागं चालत होती. कासाबाईनं ते पाहिलं.

चावडीत खुर्चीवर तपासणीचे साहेब होते, व्यंकटराव. किडकिडीत माणूस, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. शेजारी दिनकरराव फेटा बांधून हजर होते.

"जवारी दरमहा मिळते?"

"मिळती."

"कपडे?"

"हे काय, अंगावरच हायेत."

"पंच येऊन विचारपूस करतात?"

कासाबाईनं खांद्यावरची घोंगडी सावरली. "करतेत," ती म्हणाली, आणि कागदावर अंगठा उठवला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दिनकररावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चहाचा हुकूम सोडला. आश्रुबा चुलीपासून परत आला तो तोंड पाडून. दूध नासलं होतं.

"त्यात काय! पोरीची शेळी हाय की दारात," दिनकरराव आज फारच खुशीत होते. "काढ गं, सायबाच्या चहापुरतं."

मनकर्णा तांब्या घेऊन खाली बसली. तांबडीनं परकर हुंगला, मागं सरली, आणि पोरीनं हात पुढं केला तशी लाथ झाडली. तांब्या घरंगळत साहेबांच्या खुर्चीखाली गेला. लोक हसले. पोर पुन्हा बसली, पुन्हा लाथ.

"तांबडे, मी हाय ना गं!" मनकर्णा रडायलाच लागली.

"शेळी हिचीच ना?" व्यंकटरावांनी विचारलं.

"हिचीच," दिनकरराव म्हणाले.

"मग ओळखत कशी नाही?"

दिनकरराव फेटा सारखा करू लागले. कासाबाईनं एकवार त्यांच्याकडं पाहिलं, एकवार रडणाऱ्या पोरीकडं. मग उठून तिनं घोंगडीचा तुकडा पोरीभोवती लपेटला, नवा परकर दिसेनासा होईल असा. तांबडी पुढं आली, हुंगलं, आणि पाय फाकवून उभी राहिली. तांब्यात दुधाच्या धारा वाजू लागल्या.

व्यंकटरावांनी चष्मा वर सरकवला. "कासाबाई, हे कपडे कधी आले?"

"शेळीला इचारा सायेब. मी तर अंगठा देऊन बसले." आणि मग तिचा बांध फुटला. "खोटं बोलले, चुकले. पन पोरीला आश्रमात धाडू नगा. तिच्याबगर मी जगत न्हाई."

"आश्रमात? कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिनं आश्रुबाकडं पाहिलं. आश्रुबानं मान आणखी खाली घातली. व्यंकटरावांनी सरपंचांकडं पाहिलं, मग कासाबाईकडं.

"पोर तुमच्याजवळच राहील," ते म्हणाले. "आणि तपासणी पंचायतीची आहे, बाई. तुमची नाही."

मग त्यांनी अंगठ्याचा तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. सरपंचांनी दरमहा स्वतः वाडग्यावर जायचं, ठरलेलं द्यायचं, पोरीची विचारपूस करायची, आणि कासाबाईचा अंगठा तिथंच घ्यायचा. वाचून दाखवला, दिनकररावांची सही घेतली, आणि मग शेळीच्या दुधाचा चहा प्यायले.

पुढच्या महिन्यात दिनकरराव वाडग्यावर आले. मागं आश्रुबाच्या डोक्यावर जवारी होती. सरपंचांनी स्वतःच्या हातानं दुसरा परकर पुढं केला. कासाबाईनं तो घेतला आणि मेंढरांच्या मधोमध, दावणीच्या खुंटाला टांगला.

"घाण हुईल की गं."

"होऊ द्या. चार दिस ऱ्हाऊ द्या हितं. मग घालंल पोर."

तेवढ्यात तांबडी आली. दिनकररावांचं धोतर तिनं हुंगलं, मान झटकली आणि चार पावलं मागं सरली. सरपंच ओशाळं हसले. मग कागदातलं आठवून की कसं, पण हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"पोर बरी हाय ना?"

कासाबाई पदराच्या शेवानं डोळे पुसत राहिली. इतकी वर्षं तिनं या प्रश्नाची किती उत्तरं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आता आठवेना.

"बरी हाय," ती म्हणाली. मग तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत तिनं दिनकररावांकडं पाहिलं. "येत ऱ्हावा, मालक. तुमालाबी वळखंल."