चिमा स्वाराचं आडनाव

संघप्रिया कांबळे शिवाजी पेठेतल्या एका शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. स्नेहसंमेलनाची नाटुकली तीच लिहायची. पोरांना ती पाठ करायला सोपी जायची, एवढीच लेखिका म्हणून तिची ख्याती. १९९६ साली गणपती पंधरा दिवसांवर आले असताना पेठेतल्या एका मंडळाचे अध्यक्ष नृसिंहराव तिला शोधत शाळेत आले.

मंडळाचा जिवंत देखावा ठरला होता. एक शूर सरदार, त्याचा घोडा आणि गढीचा दरवाजा. सरदाराची भाषणंही लिहून तयार होती. पत्र्याचं चिलखत करायला टाकलं होतं, पण कारागिरानं मापात घोळ केला. चिलखत आलं ते मंडळाच्या तालमीतल्या एकाही गड्याच्या छातीला पुरेना.

"समद्यांना घालून बघितलं," नृसिंहराव म्हणाले. "शेवटी माझ्या पुतणीला बसलं. दीप्तीला. कॉलेजात एनसीसीला हाय, घोड्यावर बी बसती. तवा बाई, सरदाराची बाई करून द्या."

"म्हणजे नुसतं नाव बदलू?"

"काय बी करा. दहा मिनिटांत बसवा, आणि टाळ्या पडल्या पायजेत."

संघप्रियानं घरी जाऊन आधी त्या भाषणांतली खरोखरच फक्त क्रियापदं बदलली. वाचून बघितलं तर ती बाई नुसती ओरडत होती. मग तिनं कागद बाजूला ठेवला आणि नव्यानं लिहायला घेतलं. दोन दिवसांत चिमा स्वार उभी राहिली.

ही चिमा कमी बोलायची. आपल्या घोड्याला खरारा स्वतः करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पुराच्या पाण्याची तिला भीती वाटायची. ती नदीत घोडा घालायची, पण भीती वाटली हे पैलतीरावर उतरल्यावर सरळ सांगायची. कुणी केलेला अपमान ती विसरत नसे आणि त्याचा गाजावाजाही करत नसे. शत्रू येतोय ही खबर घेऊन ती गढीच्या दारात पोचते, तेव्हा पहारेकरी तिला अडवतो. "कुणाची तू?" चिमा म्हणते, "माझीच." "आडनाव काय?" चिमा म्हणते, "आडनाव माझ्या घोड्याला बी न्हाय. त्याला कधी कोण इचारत न्हाय."

हे बोलणं संघप्रियाला सुचलं ते तिच्या आईमुळं. मीनाबाईंनी वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन बंगल्यांच्या गल्ल्यांत भाजी विकली. नवीन गिऱ्हाईक आधी नाव विचारायचं, मग आडनाव. "मीना म्हना," एवढंच मीनाबाई सांगायच्या. पुढं कुणी खोदून विचारलं की टोपली उचलून चालू लागायच्या. सुट्टीत आईबरोबर फिरणाऱ्या संघप्रियाला त्याची लाज वाटायची. बौद्ध घरात वाढलेल्या मुलीला आपली आई भिते असंच वाटलं होतं. लिहिताना पहिल्यांदा तिला शंका आली की ती भीती नसेलही.

देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. दीप्तीनं "माझीच" म्हटलं की बायका परत बघायला रांगेच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या. पाचव्या दिवशी एका पावण्यानं नृसिंहरावांना विचारलं, "ह्या चिमाबाई कुठल्या घराण्यातल्या?"

नृसिंहरावांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "संशोधन चालू हाय."

ही बातमी एका सायंदैनिकात आली. वर्षभरात कुरुंदवाडहून बाळासो इनामदार वंशावळ घेऊन हजर झाले. तिच्यात एका कोपऱ्यात 'चि.' एवढंच अक्षर होतं. पुढचं वाळवीनं खाल्लं होतं. ते कळल्यावर गडहिंग्लजचे जोतीराम देसाई आले. त्यांच्याकडं कागद नव्हता, पण देवघरात एक गंजकी तलवार होती आणि ती बाईच्या हाताची असावी इतकी हलकी होती.

तालमीच्या माडीवर बैठक बसली. संघप्रियाला मुद्दाम बोलावलं होतं. चहा झाल्यावर ती म्हणाली, "मी स्पष्टच सांगते. चिमा मी मनानं रचली. ती कधी झालीच नाही."

मग बाळासो समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमच्या मनात आली म्हंजे कुठनं तरी आलीच असणार की. आमच्यातनंच आली असंल."

"आमच्यातनं का न्हाय?" जोतीराम म्हणाले.

"तिनं आडनाव सांगितलेलं नाही," संघप्रिया म्हणाली. "सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे."

"तेच तर म्हंतोय मी," नृसिंहराव म्हणाले. "तुमी जागा रिकामी सोडली. ती भरायचं काम आमच्यावर आलं."

दोन तास वाद झाला. अखेरीस तोडगा निघाला आणि दोन्हीकडच्यांना पटला. चिमाबाईंचं माहेर देसायांचं, सासर इनामदारांचं. लग्न केव्हा झालं ते पुढं बघता येईल. नवऱ्याचं नाव बाळासोंनी वंशावळीतून काढून दिलं. जिच्या तोंडी "माझीच" होतं तिला आता एक बाप, एक नवरा आणि एक सासरा मिळाला. त्या वर्षी देखावा पुन्हा केला तेव्हा पहारेकऱ्याचा प्रसंग गाळला. एवढ्या घरंदाज बाईला पहारेकरी अडवेलच कसा, असं नृसिंहरावांचं म्हणणं पडलं. नव्या देखाव्यात तो मुजरा करून दार उघडायचा. दीप्तीनं काम करायला नकार दिला. "बोलायला कायच न्हाय, मग मी नुसतं बसू व्हय घोड्यावर?" ती काकांना म्हणाली. तिच्या जागी दुसरी मुलगी बसली.

१९९९ मध्ये तालमीजवळच्या चौकात पाटी लागली. बाजारातून येताना मीनाबाई लेकीबरोबर तिथं थांबल्या. मूळची चिमा त्यांनी पाहिली होती आणि घरी येऊन थेट चूल पेटवली होती. आता त्यांनी लेकीला पाटी वाचायला सांगितली. संघप्रियानं वाचली : वीरांगना चिमाबाई रणोजीराव इनामदार, पूर्वाश्रमीच्या देसाई, चौक.

"लांबलचक नाव हाय," मीनाबाई म्हणाल्या. "हिला कुणी कुठं अडवलंच नसंल. मग हिनं केलं तरी काय?"

दोघी बस पकडायला निघाल्या. मीनाबाई त्याच वर्षी दिवाळीनंतर वारल्या. भाजी घेणाऱ्या दोन बायका भेटायला आल्या होत्या. घर शोधताना त्यांना फार हिंडावं लागलं, कारण 'मीना' या एकाच शब्दावर त्या विचारत आल्या होत्या.

२००२ साली मंडळानं चिमाबाईंच्या चरित्राची पुस्तिका काढली. चौसष्ट पानं, मागं दोन्ही घराण्यांचे फोटो. शाळेत वाटायला साठ प्रती आल्या. मधल्या सुट्टीत संघप्रियानं एक उघडली. शेवटच्या पानावर आभार होते. श्री. बाळासो इनामदार, श्री. जोतीराम देसाई, मुद्रक, छायाचित्रकार, चहावाला गुंडू पोवार, सगळे नावाआडनावानिशी. सगळ्यांत खाली 'आणि संघप्रियाताई.'

तिनं ऑफिसातून नृसिंहरावांना फोन लावला.

"माझं आडनाव राहिलंय."

"राहिलं न्हाय, जागाच न्हवती, बाई," नृसिंहराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आनि नुसतं नाव कसं आपुलकीचं वाटतंय. पुस्तक दोन्ही घरांत जाणार. कुणाला उगंच काय वाटाय नको."

"काय वाटेल?"

"आता ते तुमाला सांगायला लागतंय व्हय?"

तिनं फोन ठेवला. शाळा सुटल्यावर ती वर्गातच थांबली. गठ्ठा टेबलावर घेतला, पेनात शाई भरली आणि पहिल्या प्रतीच्या शेवटच्या पानावर नावापुढं वळणदार अक्षरात लिहिलं : कांबळे. खाली आणखी एक ओळ लिहिली : चिमा स्वार हिची लेखिका. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवून दुसरी प्रत घेतली.

कुलूप लावायला शिपाई आकाराम आला तेव्हा अजून वीस-बावीस प्रती उरल्या होत्या. बाकांवर उघडी पुस्तकं पसरलेली बघून तो दारातच थबकला.

"काय चुकलंय काय पुस्तकात, बाई?"

"पुष्कळ," संघप्रिया म्हणाली. "पण माझ्या हातात एवढंच आहे."

आकारामनं किल्ल्या खिशात टाकल्या आणि वाळलेली पुस्तकं मिटून गठ्ठ्यात रचायला लागला.