शेपटीतली हवा

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. म्हाताऱ्या मेकॅनिकच्या तर तो कामावरही राशीला आला होता, गळ्यात टाय बांधून, विमानं वेळेवर सोडणारा साहेब म्हणून. आयुष्यात एक नट पिळला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला सदा तयार.

आज विमानात जळक्या तेलाचा वास येत होता. विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं. विमान उभं असताना आत हवा तेच पुरवतं, आणि मोठी इंजिनं सुरू करायलाही त्याचीच दाबाची हवा लागते. त्याचं सील गळायला लागलं की तेल त्या हवेत मिसळतं आणि थेट माणसांच्या छातीत जातं.

"कसला वास, मामा?" जावई म्हणाला. "सुगंधी फवारा मारा आणि विमान ठीक म्हणून वहीत करा सही."

म्हाताऱ्याचा एक रिवाज होता. वास नाही म्हणणाऱ्याला तो शेवटच्या रांगेत बसवायचा, दार लावायचा आणि शेपटीतलं इंजिन चालू करायचा. जावयालाही बसवलं. दहा मिनिटांनी स्वारी डोळे पुसत बाहेर आली, पण तोरा तोच.

"मला तर कसलाच वास आला नाही. बाहेरून हवा देणारी गाडी लावायची म्हणजे चाळीस मिनिटं उशीर. वर उत्तरं मला द्यावी लागतात." एवढं बोलून तो फोन कानाला लावत लगबगीने जिना उतरला.

म्हाताऱ्याने वही उघडली खरी, पण हात अडला. लेक आणि नात याच विमानाने निघणार होत्या. बायको-मुलीच्या बाबतीत तरी हा खोटं बोलणार नाही. मग आपलंच नाक म्हातारं झालं की काय?

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आम्ही आता दुपारच्या विमानाने जातोय. यांनी आत्ताच तिकिटं बदलली. त्या विमानात कसलासा वास मारतोय म्हणे."

म्हाताऱ्याला शिसारी आली. असल्या माणसाला आपण आपल्या हाताने मुलगी दिली. त्याने वहीत लिहिलं, 'शेपटीतल्या इंजिनाची हवा बंद. बाहेरची गाडी लावावी.' खाली सही ठोकली आणि वही जावयापुढे नेऊन धरली.

"हे काय, मामा?"

"दोन तिकिटं बदललीत, बरं केलंत. उरलेल्या एकशे बासष्ट जणांची कधी बदलताय, जावईबापू?"

जावयाने मान खाली घातली. मग हवेची गाडी त्यानेच मागवली.