इस्त्रीच्या टेबलावरची लाट

आमच्या ह्यांनी सर्फिंगला जायचं ठरवलं आणि पहिला बळी गेला तो माझ्या इस्त्रीच्या टेबलाचा. फळीवर पालथं पडायचं आणि लाट आली की उडी मारून उभं राहायचं, याचा सराव हे रोज सकाळी त्या टेबलावर करायचे. तिसऱ्या दिवशी टेबलाचा पाय मोडला. तेव्हापासून हे चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातात, पण तोरा असा की जणू आत्ताच समुद्रातून उठून आलेत.

नोकरी पुलांचे नकाशे काढायची, त्यामुळे आमच्या दोघांच्या सहलीचाही नकाशा झाला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटलं. शेजारी पट्टीने आखलेली लाट, तिचा उतार अंशांत. त्या फ्रिजमधून दूध काढायचीही मला चोरी झाली.

रविवारी नणंद आली. ती पोहण्याच्या तलावावर शिकवायला असते. तिने सगळा फ्रिज नीट वाचला आणि विचारलं, "दादा, तू पोहायला कधी शिकलास?"

"त्याचा इथे काय संबंध?" हे उखडलेच. "लाटेवर उभं राहायचं असतं. पाण्यात पडायचं असतं का?"

नणंदेने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ह्यांच्या तिकिटावर तिचं नाव घालायला पाच मिनिटं लागली.

आता आम्ही दोघी इथे समुद्रावर ऊन खात, खारं पाणी पीत फळीवर धडपडतोय. घरून ह्यांचा फोन रोज सकाळी न चुकता येतो.

"गुडघे वाकवा, गुडघे! आणि घाबरू नका, मी आहे ना!"