शहाऐंशी चमचे

"सिस्टर, आता डोळ्याची पापणी लवू देऊ नका हं," म्हणत औषधखिडकीच्या संगणकावर बसलेल्या रुबानं तीन कळा एकदम दाबल्या.

पडद्यावर औषधांच्या चिठ्ठ्यांचा मजकूर होता; त्यात जिथे जिथे 'चमचा' होता, तिथे तिथे एक बारीक उभी रेघ लुकलुकायला लागली. शहाऐंशी रेघा. सगळ्या एकाच क्षणी विझत होत्या, एकाच क्षणी उजळत होत्या. विसाल खुर्चीत पुढे सरकली. हातातला मैरमियाच्या सुवासिक पानांचा चहा तसाच राहिला.

"एवढे कर्सर? मग लिहिणार कोण?"

"मीच. एकदा."

रुबानं टाइप केलं. पहिलं अक्षर शहाऐंशी ठिकाणी उमटलं, मग दुसरं. 'चमचा' गेला, 'मिलि' आलं.

"सुभानल्ला!" विसाल पुटपुटली.

इर्बिद शहरातल्या या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, तिची चौतीस वर्षं गेली होती. आठ नर्सना एक सूचना दिली की संध्याकाळपर्यंत तिच्या आठ सूचना होतात, हे तिला पाठ होतं. आणि इथे शहाऐंशी हात एका बोटाचं ऐकत होते. कुणी विसरलं नव्हतं, कुणी कंटाळलं नव्हतं.

आजचा दिवस यावा म्हणून तिनं किती अर्ज केले होते! औषधाच्या चिठ्ठीवर 'चमचा' नको, मिलि लिहा, सोबत सुई नसलेली सिरिंज द्या. वर्षानुवर्षं उत्तर एकच: बघू. तोवर ती खिशात स्टीलचा एक छोटा चमचा ठेवून होती. आयांना काढून दाखवायची, 'एवढाच, बरं का.' आज आल्या आल्या तिनं तो रुबाच्या कपात टाकला होता. "घे, आता चहा ढवळायला तुला."

"अकराला औषधांची खिडकी उघडेल," रुबा म्हणाली. "आकडे फार्मसीनं कालच बदलून दिलेत, एकाचे पाच, दोनाचे दहा. राहिला होता तो शब्द. झालं. साठवून टाकू?"

"थांब. तीनदा वाचायचं."

"अहो, एवढ्या सगळ्या ओळी तीनदा? मशीन चुकत नाही, सिस्टर."

"बाटली उचलताना वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. मीही चुकत नव्हते."

रुबा हसली, पण विसाल हसली नाही. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "अनस नावाचं बाळ होतं. दहा महिन्यांचं. तापाचं औषध. मी त्याच्या आईला म्हटलं, एक चमचा, दिवसातून चार वेळा. तिनं तसंच दिलं. घरात चमचा कोणता, ते मी विचारलंच नाही. भात वाढायचा होता तो."

"मग?"

"चौथ्या दिवशी आणलं परत. पिवळं पडलेलं, जास्तीच्या औषधानं." ती पडद्याकडे वळली. "चल, वरून घे."

पहिल्या वाचनात विसालनं औषधांची नावं पाहिली. दुसऱ्यात आकडे. सगळं चोख. रुबा घड्याळाकडे बघत होती. अकराला वीस मिनिटं होती.

"झालं ना आता? बाहेर रांग लागलीय, तुमच्यामुळे मला बोलणी खावी लागणार."

"तिसऱ्यांदा आईसारखं वाचायचं. चुलीपाशी उभं राहून, बाळ कडेवर घेऊन."

एकाहत्तराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. जुलाब झालेल्या बाळासाठी घरी करायचं पाणी. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ मिलि साखर, अर्धा मिलि मीठ.

"हे औषध नाही," विसाल म्हणाली. "म्हणून फार्मसीनं आकडा बदलला नाही. इथं चमचाच हवा गं. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट. मिलि वाचून केलं तर पाचपट पांचट होईल. सुकलेल्या बाळाला त्याचा काय उपयोग?"

रुबाचा चेहरा उतरला. "मी शोध म्हटलं, त्यानं सगळे शोधले."

"माझाच हट्ट होता, सगळीकडचा काढ म्हणून."

रुबानं एक कळ दाबली. शहाऐंशी चमचे जिथल्या तिथे परत आले. या वेळी तिनं ते एकदम निवडले नाहीत. एक कळ, एक चमचा, एक रेघ. विसाल मोठ्यानं वाचायची आणि मान हलवायची, मग रुबा पुढच्यावर जायची. खोकला, ताप, खोकला, जंत. एकाहत्तराव्या ओळीवर विसालनं हात आडवा धरला. रुबानं तिथले दोन्ही चमचे ओलांडले.

मग सगळ्या रेघा पुन्हा एकसाथ लुकलुकल्या आणि एकसाथ लिहित्या झाल्या. मधली ती एक ओळ तेवढी स्थिर होती.

"या चमच्यांपुढे मी लिहून ठेवते," रुबा म्हणाली, "'चहाचा, सपाट'. चालेल?"

"चालेल."

खिडकी उघडल्याचा आवाज आला. छपाईयंत्र खरखरलं आणि पहिली चिठ्ठी बाहेर पडली. ५ मिलि, दिवसातून तीनदा. विसालनं ती वाचली, मग परत वाचली, मग तिसऱ्यांदा.

रुबानं कपातला चमचा काढला, ओढणीच्या टोकानं कोरडा केला आणि तिच्यापुढे धरला.

विसालनं तो घेतला, खिशात टाकला, आणि वरून एकदा चाचपून वॉर्डाकडे चालू लागली.