बेअरिंगची गोळी आणि माझी बदनामी

मी एक जुनी गोफण आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेली आहे. माझी फुकटची बदनामी झाली. तुम्हीच ऐका आणि न्याय करा.

मोर्शीजवळच्या एका संत्र्याच्या बागेत शकुनबाईने मला अंबाडीच्या दोराने विणले. तिथे वानरांच्या टोळ्या येत. आमच्या काळ्या मातीत खडा शोधून सापडत नाही, म्हणून शकुनबाई त्याच मातीचे लिंबाएवढे गोळे वळून उन्हात वाळवी. गोळा माझ्या झोळीत ठेवायचा, डोक्यावरून दोन फेर घ्यायचे आणि एक दोर सोडायचा. साठेक पावलांवर गोळा खोडावर आपटून फुटे आणि वानरे पळत. बारा वर्षे मी राखण केली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही!

मग राखणीला आला तिचा दीर देवमन. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

"वहिनी, हे मातीचे लाडू काय कामाचे? मोठं काई तरी फेका लागते," असे म्हणत त्याने गळालेले हिरवे संत्रे माझ्या झोळीत कोंबले. संत्रे आकाराने मोठे, त्या मानाने हलके. हवेने त्याला समोरून असे अडवले, की तीस पावलांत ते दमून खाली आले. एक वानर तेच उचलून खात बसले. शकुनबाई पोट धरून हसली. देवमनला ते झोंबले.

दुसऱ्या दिवशी ती घरी नसताना त्याने ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी आणली. आकार बोराएवढा, पण वजन! एवढ्याशा जड गोळीला हवा अडवणार तरी किती? त्यात या बाबाने जीव खाऊन पाच फेर घेतले. मी करकरत होते, अरे थांब! पण दोराचे कोण ऐकतो? गोळी वानरांवरून गेली, धुऱ्याच्या बांधावरून गेली आणि शेजारच्या वावरात मिरच्या तोडणाऱ्या माणिकबाईच्या भुवईवर बसली.

अमरावतीच्या दवाखान्यात सात टाके पडले. डोळा राहतो की जातो, चार दिवस कोणाला सांगता येईना. आणि देवमन गावभर काय सांगत होता? "गोफणच खराब हाये. हातातून सटकली." खोटारडा! शकुनबाईनेही ते खरे मानून मला गोठ्यात भिरकावले. बारा वर्षांची चाकरी, आणि हे बक्षीस!

पट्टी सुटली आणि माणिकबाई थेट बागेत आली. डोळा वाचला होता, पण सुजून जांभळा झाला होता. तिने मला मागून घेतले आणि तिला लागलेली तीच गोळी पदरातून काढून झोळीत ठेवली.

"देवमन, जाय, माह्या मिरच्यात उभा राह्य. आता फेकाची पाळी माही."

"काऊन वो मावशी, डोळा फोडता काय माहा?"

"गोफणच खराब हाये न? मंग तुले काऊन भेव वाटते?"

बागेत जमलेले सारे पाहत होते, म्हणून त्याला जावे लागले. एकशे चाळीस पावले. तिथे पोचून तो वळला. माणिकबाईने एक फेर घेतला मात्र, देवमन डोळे झाकून मटकन खाली बसला.

"चुकलो वो मावशी! गोफण चांगली हाये, मीच जीव खाऊन फेकली होती!"

तिने दोर सोडलाच नाही.

मित्रांनो, काहीही फेकण्याआधी ते हातात तोलून पाहा. ते कुठवर जाईल आणि तिथे कोण वाकून काम करते आहे, तेही पाहा. मी आता पुन्हा मातीचे गोळे फेकते. रोज सकाळी देवमनच ते वळतो. पण माझा राग? तो अजून गेलेला नाही.